कॉमिक्सची मूळ पानं : जमवणं, ओळखणं आणि भाव ठरवणं (सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न)

मी कॉमिक्सची आणि मासिकांची मूळ चित्रं जमवतो हे कळल्यापासून सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडून सतत विचारणा होते. विचारणारे नवे असतात, प्रश्न बहुतेक तेच. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे वेताळचं (इंग्रजीतल्या फँटमचं) जुनं कॉमिक्स आहे, अगदी ओरिजिनल. त्याला 'ओरिजिनल आर्ट' म्हणायचं का?

नाही. तुमचा अंक अस्सल असेल, पण तो छापील आहे आणि त्याच्यासारख्या हजारो प्रती निघाल्या. मूळ पान एकच असतं. चित्रकाराने ज्या जाड कागदावर आधी पेन्सिलीने चित्र काढलं, मग त्यावर ब्रश किंवा टाकाने शाई फिरवली आणि जो कागद छापखान्याच्या कॅमेऱ्यासमोर ठेवला गेला, तो कागद म्हणजे मूळ पान.

ते अंकातल्या पानापेक्षा मोठं असतं. अमेरिकन कॉमिक्सचं मूळ पान साठच्या दशकाच्या अखेरीपासून साधारण ११ × १७ इंचांच्या कागदावर काढलं जातं, त्याआधी ते आणखी मोठं असे. आपल्याकडे असं एकच ठरलेलं माप नव्हतं. दुसरी गोष्ट, आतली पानं बहुधा काळी-पांढरीच असतात. रंग छपाईच्या वेळी वेगळ्या नमुन्यावरून भरले जात. म्हणून कुणी जुन्या अंकाचं 'रंगीत मूळ पान' दाखवलं तर पहिली शंका तिथेच घ्यावी. मुखपृष्ठाचं तसं नाही, ते पुष्कळदा रंगातच रंगवलेलं असतं.

२. सोलापुरात बसून हा छंद होतो का? इथे तर आर्ट गॅलऱ्या नाहीत.

होतो. लहानपणी आमच्या घरी चांदोबा मराठीत यायचा, शेजारच्या पद्मशाली घरात तोच तेलुगूत आणि पलीकडच्या आळीत कन्नडमध्ये. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ तिन्ही अंकांत तोच, फक्त अक्षरं वेगळी. तेव्हाच मनात आलं होतं, की हे चित्र खरं कुठेतरी एकाच ठिकाणी असणार. ते चित्र काढणारे के. सी. शिवशंकरन, म्हणजे 'शंकर', २०२० साली गेले. चांदोबाने सोलापूरसारख्या बहुभाषी गावाला एकच चित्र तीन भाषांत दाखवलं, आणि त्यामुळे मूळ चित्र ही कल्पना आपल्याला समजवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

व्यवहाराचं म्हणाल तर मराठी चित्रकारांपैकी बरेच जण पुण्या-मुंबईचे. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन, एखाद्या घरी निवांत दोन तास बसून रात्री परत येता येतं. संग्राहकाला गॅलरीपेक्षा असे दोन तास जास्त उपयोगी पडतात (प्रश्न ९).

३. आपल्याकडे जमवण्यासारखं आहे तरी काय? सगळं अमेरिकेतच आहे ना?

हा प्रश्न मला दरवेळी टोचतो. आपल्याकडे भरपूर आहे, पण ते कुणाच्या माळ्यावर पडलंय याची नोंद नाही.

अमर चित्रकथा १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केली. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते, अकरावा 'कृष्ण', आणि तो राम वाईरकरांनी काढला. पुढे 'टिंकल'मधला सुप्पांडीही त्यांच्याच हातचा. शिकारी शंभू वसंत हळब्यांचा. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्रकथेची कितीतरी पुस्तकं काढली आणि नंतर हिंदी कॉमिक्समधला सुरुवातीचा नागराजही. दिलीप कदम, प्रदीप साठे हीही आपलीच माणसं. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० चालली. त्यातला बहादूर हा नायक आबिद सुरतींनी १९७६ मध्ये लिहायला घेतला आणि गोविंद ब्राह्मणियांनी चितारला.

कॉमिक्सच्या शेजारची चित्रं मी वेगळी मानत नाही. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बघा : दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर. व्यंगचित्रांत शि. द. फडणीस, वसंत सरवटे. वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीत १९९१ पासूनचा 'चिंटू', चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा. मराठी माणसाने सुरुवात इथून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या चित्राची गोष्ट आपल्याला पाठ आहे, त्याचं खरं-खोटं आपल्याला लवकर कळतं.

४. पान मूळ आहे की छापील, हे कसं ओळखायचं?

माझ्या पहिल्याच खरेदीत मी इथे फसलो. जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदावर प्रिंटरने काढलेली प्रत मी मूळ पान समजून घेतली. भिंग खिशात होतं, पण विकणाऱ्यासमोर ते काढायला संकोच वाटला. आता मी कुणाच्याही समोर भिंग काढतो आणि तुम्हीही काढा. प्रामाणिक विकणारा त्याचा राग मानत नाही.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलं. छापील चित्रात ठिपक्यांची जाळी दिसते. शाईच्या प्रिंटरवरच्या प्रतीत काळ्या रेषेच्या कडेलाही बारीक रंगीत कण दिसतात. मूळ पानावर असं काही नसतं. तिथे मोठ्या काळ्या भागात शाई एकसारखी बसलेली नसते. कागद खिडकीजवळ तिरपा धरला की ब्रशचे पट्टे दिसतात, कुठे चकाकी तर कुठे मंदपणा. शाईखाली अर्धवट खोडलेली पेन्सिल असते. चूक झाकायला लावलेला पांढरा रंग बोटाला नव्हे, पण डोळ्यांना उंच जाणवतो. कधी एखादा चेहरा वेगळ्या तुकड्यावर काढून चिकटवलेला असतो. समासात फिकट निळ्या पेन्सिलीने सूचना असतात, कारण ती निळी रेघ छपाईच्या फिल्मवर उमटत नसे. पाठीमागे शिक्का, पान क्रमांक, कधी हिशेबाचे आकडेही असतात. पाठ न दाखवता कुणी पान विकत असेल तर घेऊ नका.

खरी अडचण वेगळीच असते. छापील पान खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवून कुणी खऱ्या शाईने गिरवलं असेल, तर भिंगाखाली शाई खरीच दिसते. अशा वेळी रेषेचा वेग पाहायचा. मूळ चित्रकाराची रेघ एका दमात जाते, जाड होते, बारीक होते. गिरवलेली रेघ सावकाश चालते, मध्ये थांबते आणि तिला बारीक कंप असतो. शिवाय छापताना चित्र लहान होतं तेव्हा बारीक रेघांची जाळी बुजते. मूळ पानावर ती मोकळी दिसायला हवी. जे तपशील छापील अंकात बुजलेत ते पानावरही बुजलेलेच असतील, तर ते पान अंकावरून उतरवलंय.

नोटा तपासायचा अतिनील दिवाही उपयोगी पडतो, पण त्याची मर्यादा ओळखा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी घातलेली रसायनं त्या उजेडात निळसर चमकतात. म्हणून १९३० च्या दशकातलं म्हणून दाखवलेलं चित्र चमकलं तर सोडून द्या. १९७५ च्या पानाबाबत मात्र ही खूण काहीच सांगत नाही.

आणि ओलं बोट लावून शाई तपासू नका. इंडिया इंक नावाची काळी शाई टिकेल, पण जलरंग जाईल आणि चित्र कायमचं बिघडेल.

५. संवादाच्या फुग्यात मराठी अक्षरं नाहीत, फुगे रिकामेच आहेत. पान खोटं का?

उलट, हे अपेक्षितच आहे. एकच चित्र अनेक भाषांत छापायचं असेल तर मजकूर वेगळा जुळवून छपाईच्या वेळी बसवणं सोयीचं. त्यामुळे फुगा रिकामा असू शकतो, त्यात चिकटवलेली इंग्रजी पट्टी असू शकते किंवा पट्टी गळून तिथे डिंकाचा तपकिरी डाग उरलेला असू शकतो. असा डाग घासून काढायचा प्रयत्न करू नका, तो त्या पानाच्या अस्सलपणाचा भाग आहे. तयार मराठी अक्षरांसह, अगदी अंकात दिसतं तसंच पान समोर आलं तर मात्र मी प्रश्न ४ मधली सगळी तपासणी दोनदा करतो.

६. पानावर सही नाही. मग किंमत शून्य?

बिलकूल नाही. कॉमिक्सच्या आतल्या पानावर सही करायची पद्धत क्वचितच होती. सही नंतर घातलेलीही असू शकते, म्हणून सहीवर भरवसा ठेवून पान घेऊ नका. पान छापील अंकाशी पॅनेल-पॅनेल, म्हणजे एकेक चौकट, जुळवून पाहणं हा जास्त पक्का पुरावा आहे. त्यासाठी तो अंक तुमच्याकडे हवा. मूळ पानाइतकाच मी त्याचा छापील अंकही शोधतो आणि दोन्ही एकत्र ठेवतो.

७. किंमत ठरते कशी? काहीतरी सूत्र सांगा.

सोन्यासारखा तोळ्याचा भाव इथे नाही, पण विचार करायची एक रीत आहे.

आधी त्याच चित्रकाराचं, त्याच काळातलं, अगदी साधं पान पायाला धरा. साधं म्हणजे माणसं बोलताहेत, नायक एखाद्या चौकटीत आहे, विशेष काही घडत नाही. असं पान खरोखर कितीला विकलं गेलं ते शोधा. मागितलेला भाव आणि झालेला भाव यांत किती अंतर असतं हे चाटी गल्लीत एकदा तरी साडी घेतलेल्या सोलापूरकराला सांगायला नको. वेबसाइटवर लिहिलेला आकडा हा मागितलेला भाव असतो. लिलावाचा निकाल हा झालेला भाव.

मग त्या पायावर चढत जायचं. नायक पानभर असेल तर भाव वाढतो. सगळ्या पानावर एकच मोठं चित्र असेल, ज्याला स्प्लॅश म्हणतात, तर आणखी वाढतो. मुखपृष्ठ सगळ्यात वर. माझा आडाखा असा, की साध्या पानाच्या तिप्पट-चौपट स्प्लॅशला आणि आठ-दहापट मुखपृष्ठाला. हिशेबापुरतं समजा, एका चित्रकाराचं साधं पान ६,००० रुपयांना गेलं, तर त्याच पुस्तकाच्या स्प्लॅशला २०,००० च्या आसपास आणि मुखपृष्ठाला ५०,००० पर्यंत जायला मी तयार असेन. त्यापुढे कुणी मागितलं तर त्याने कारण सांगावं.

कारण बहुतेकदा गोष्टीत असतं, आणि हीच बाब नवे लोक सोडून देतात. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात स्पायडरमॅनचं एक आतलं पान ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. १९८४ च्या 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकाचं पंचविसावं पान, चित्रकार माइक झेक. ते मुखपृष्ठ नव्हतं. पण काळा पोशाख त्याला कसा मिळाला हे त्या पानावर आहे, आणि त्याच पोशाखातून पुढे व्हेनम हे पात्र आलं. वाचकाच्या मनात जे पान राहिलं त्याला भाव मिळाला. म्हणून माझ्या आडाख्यातली मुखपृष्ठाची पट गोष्टीतल्या मोठ्या प्रसंगाच्या पानाला लागू करू नका, ते पान तिच्याही पुढे जाऊ शकतं. आपल्याकडे तोच नियम लावा : कृष्णाने कालियाच्या फण्यावर पाय ठेवला तो प्रसंग आणि दोन गोपी बोलताहेत तो प्रसंग, कागद एकच, चित्रकार एकच, पण भाव एक नसणार.

दोन चित्रकारांनी मिळून पान केलं असेल, एकाने पेन्सिल आणि दुसऱ्याने शाई, तर दोघांची नावं विचारा. कागदावर दिसते ती शाईच असते. हल्ली पेन्सिलचं चित्र स्कॅन करून, फिकट निळं छापून, दुसऱ्या कागदावर शाई करतात. अशा पानावर पेन्सिल करणाऱ्याचा हात लागलेलाच नसतो, म्हणून त्याचा भाव कमी.

८. अमेरिकेत लाखो डॉलर मिळतात, मग माझ्या भारतीय पानाला निदान पाच लाख तरी मिळतील ना?

आज, सहसा नाही. तिथे संग्राहक पन्नास वर्षांपासून आहेत, लिलावघरं निकाल जाहीर करतात, जुने भाव कुणालाही पाहता येतात. आपल्याकडे व्यवहार घराघरांत, तोंडी होतात आणि त्यांची नोंद राहत नाही. भाव कमी आहेत ते चित्रं कमी प्रतीची आहेत म्हणून नव्हे, खरेदीदार थोडे आहेत आणि माहिती विखुरलेली आहे म्हणून. माझी सगळ्यांना विनंती आहे, की तुम्ही घेतलेल्या प्रत्येक पानाची वही ठेवा : तारीख, चित्रकार, अंक, पान, माप, किती दिले, कुणाकडून. पुढच्या माणसाला भाव ठरवायला आधार फक्त या वह्यांचाच असेल.

९. एका जुन्या चित्रकाराच्या घरी चित्रं असल्याचं कळलंय. ते स्वतः आता नाहीत. घरच्यांशी बोलायचं कसं?

रिकामी पिशवी घेऊन जाऊ नका. आधी फोन करा, मग भेटा, आणि पहिल्या भेटीत खरेदीचा विषय काढू नका. त्यांच्या वडिलांनी काढलेला अंक बरोबर न्या. मी एका घरी असा अंक नेला होता. चित्रकाराच्या पत्नीने, आजींनी, तो उघडून एका पॅनेलवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्या राणीची साडी माझी आहे. मला उभं करून काढली होती." ही माहिती कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती. त्या दिवशी मी काही विकत घेतलं नाही, आजींच्या परवानगीने सगळं लिहून मात्र आणलं.

भावाच्या बाबतीत एक नियम मी पाळतो. समोरच्याला किंमत ठाऊक नसेल आणि मला असेल, तर मी ती आधी सांगतो. घरच्यांना पानं रद्दीत टाकायची असली तरीही सांगतो. चित्रकाराने ती पानं तुटपुंज्या मोबदल्यात काढली असतील, निदान त्याच्या घरच्यांना तरी योग्य पैसे मिळावेत. आणि विकायचं नसेल तर चित्रं कशी ठेवायची ते सांगून या (प्रश्न १३). प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबली जाण्यापासून ती वाचली तरी पुष्कळ.

१०. पान प्रकाशकाचं होतं, चित्रकाराने घरी कसं आणलं? उद्या कुणी हक्क सांगितला तर?

कागद कुणाच्या मालकीचा होता हे त्या वेळच्या करारावर ठरतं, आणि जुन्या कामात करार पुष्कळदा लेखी नसायचा. अमेरिकेतही सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठे प्रकाशक पानं परत देत नसत. पुष्कळ पानं फाडून टाकली गेली, वाटली गेली, गोदामातून चोरीलाही गेली. जॅक कर्बीसारख्या चित्रकाराला स्वतःची पानं मिळवायला मार्व्हल या प्रकाशकाशी झगडावं लागलं आणि १९८७ मध्ये त्यांतली थोडीच हाती आली.

म्हणून 'हे तुमच्याकडे कसं आलं' हा प्रश्न नेहमी विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या. चित्रकाराने किंवा वारसांनी सही करून दिलेली पावती उत्तम. प्रकाशन संस्थेतून 'काढून आणलेलं' असं कुणी कानात सांगत असेल तर ते पान घेऊ नका.

११. पान माझ्या मालकीचं झालं. आता त्याचे टी-शर्ट, कॅलेंडर छापू का?

नाही. कागद तुमचा झाला, कॉपीराइट नाही. तो चित्रकाराकडे, त्याच्या वारसांकडे किंवा करारानुसार प्रकाशकाकडे असतो. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. घरात लावणं, मित्रांना दाखवणं याला हरकत नाही. छापायचं असेल तर लेखी परवानगी घ्या.

१२. पुढे विकलं तर चित्रकाराला काही द्यावं लागतं का? आणि कर?

होय, हे फार थोड्यांना माहीत असतं. आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५३अ प्रमाणे मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत १०,००० रुपयांपेक्षा जास्त आली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो. मात्र त्या चित्राचा कॉपीराइट मुळात चित्रकाराचा असला पाहिजे. वाटा जास्तीत जास्त १० टक्के. कुणी मागो न मागो, वारस ओळखीचे असतील तर मी तो स्वतःहून देतो.

कराचं थोडक्यात. घरातली इतर बरीच चीजवस्तू भांडवली नफ्यातून वगळलेली असते, चित्रं मात्र वगळलेली नाहीत. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के (२३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला), त्याआधी विकलं तर तुमच्या नेहमीच्या दराने. वरचेवर घेऊन विकत असाल तर तो धंदा समजला जाईल. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेऊ नका, कायद्याने ते चालत नाही. बाकी तुमच्या सीएला विचारा आणि प्रश्न ८ मधली वही त्यांच्यासमोर ठेवा.

१३. सोलापूरच्या उन्हात पानं टिकवायची कशी? एसी परवडत नाही.

एसी नसला तरी चालेल. आपली हवा बहुतेक वर्ष कोरडी, त्यामुळे मुंबई-कोकणासारखी बुरशीची भीती इथे कमी. आपला शत्रू म्हणजे उष्णता, धूळ आणि वाळवी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो. तेव्हा पत्र्याखालची खोली आणि गच्चीलगतचा माळा भट्टी होतात. चित्रं तिथे ठेवू नका. जुन्या धाब्याच्या घरातली मधली खोली सगळ्यात चांगली, फ्लॅटमध्ये असाल तर पश्चिमेची भिंत सोडून आतलं कपाट. पेटी जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नका, लाकडी पाटावर ठेवा. वाळवी भिंतीतून येते.

प्रत्येक पान वेगळ्या पॉलिएस्टर पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि आडवं. बाजारात मिळणारी मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं कालांतराने शाईला चिकटतात. पाकिटाचा वास घ्या, नव्या रेक्झिनसारखा आला तर परत करा. कडुनिंबाचा पाला, कापूर, डांबरगोळी यांपैकी काहीही कागदाला टेकता कामा नये. पावसाळा संपला की एकदा सगळी पानं बाहेर काढून पंख्याखाली नव्हे, सावलीत उघडी ठेवा आणि एकेक तपासा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास मी पुन्हा एकदा पाहतो. थंडीत हवा कोरडी आणि घरात चार दिवस सवड असते.

लॅमिनेशन करू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण आपल्याकडे जपायचं म्हटलं की पहिला विचार लॅमिनेशनचा येतो. गरम प्लास्टिक कागदात कायमचं मुरतं, ते सुटत नाही आणि पानाची किंमत त्याच क्षणी संपते. एका कुटुंबाने आपल्या आजोबांची सतरा चित्रं प्रेमाने लॅमिनेट करून आणली होती. त्यांना हे सांगताना माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता.

१४. फ्रेम करून लावू का?

लावा, पण फ्रेमवाल्याजवळ उभं राहून. देवाचे आणि लग्नाचे फोटो करणारे कारागीर सरावाने चित्राला मागून डिंक लावून प्लायवर चिकटवतात आणि काच थेट चित्रावर बसवतात. दोन्ही गोष्टी नको म्हणून सांगा. चित्राभोवती पुठ्ठ्याची चौकट हवी, म्हणजे काच कागदाला लागत नाही. चित्र कागदी कोपऱ्यांत अडकवायचं, चिकटवायचं नाही. पाठीला पुठ्ठा आम्लरहित हवा. शाईचं पान दिव्याच्या उजेडात वर्षानुवर्षं राहतं. जलरंग आणि मार्कर पेन उन्हात लवकर उडतात, म्हणून रंगीत मुखपृष्ठ मी सहा महिने लावतो आणि सहा महिने पेटीत ठेवतो.

१५. पानाला घडी आहे, डाग आहेत. घ्यावं का?

कामाच्या टेबलावरच्या खुणा, म्हणजे शाईचे थेंब, पिनांची भोकं, पांढरा रंग, चिकटवलेले तुकडे, या दोष धरू नका. नंतर झालेलं नुकसान मात्र धरावं लागतं. तरीही चित्र मोठं असेल तर लोक घडीकडे दुर्लक्ष करतात. टिनटिनच्या चित्रकथांतल्या 'ब्लू लोटस' या पुस्तकासाठी बेल्जियन चित्रकार एर्जेने १९३६ मध्ये रंगवलेलं मुखपृष्ठ छपाईला महाग पडेल म्हणून वापरलंच गेलं नाही. ते घड्या घालून खणात पडून होतं. जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते सुमारे ३२ लाख युरोला गेलं, घड्यांच्या खुणांसकट.

घरी सेलोटेप लावून दुरुस्ती करू नका. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदातून आरपार जातो. कागदाचं संवर्धन शिकलेल्या माणसाकडेच द्या.

१६. चित्रकाराकडून नवं चित्र काढून घेतलं, तर तेही 'ओरिजिनल'च ना?

मूळ आहे, पण छापलेलं पान नाही. अशा चित्राला कमिशन म्हणतात. त्याच चित्रकाराने स्वतःचं जुनं मुखपृष्ठ पुन्हा काढून दिलं तर ते पुनर्चित्र. दोन्ही चांगल्या वस्तू आहेत आणि चित्रकाराला थेट पैसे मिळतात, म्हणून नव्या संग्राहकाने एक तरी कमिशन जरूर द्यावं. पण भाव छापलेल्या मूळ पानापेक्षा बराच कमी धरा, आणि चित्राच्या पाठीवर चित्रकाराकडून वर्ष लिहून घ्या. वर्ष नसलेलं पुनर्चित्र वीस वर्षांनी 'मूळ मुखपृष्ठ' म्हणून विकलं जातं. तो गोंधळ आज एका ओळीने टळतो.

१७. आजचे चित्रकार टॅबलेटवर काढतात. त्याचं मूळ पान कुठलं?

कागदच नसेल तर मूळ पान नाही. चित्रकाराने सही केलेली छापील प्रत घ्या, पण प्रत म्हणून, प्रतीच्या भावाने. काही जण पेन्सिल कागदावर आणि शाई-रंग संगणकावर करतात. त्यांची पेन्सिलची पानं मिळतात, ती जरूर घ्या.

१८. परदेशी लिलावातून मागवायचं आहे. काय लक्षात ठेवू?

हातोडा पडतो तो भाव अंतिम नसतो. त्यावर लिलावघराची दलाली २० टक्के किंवा त्याहून जास्त, मग पाठवणी, विमा आणि इथला सीमाशुल्क. सगळं धरून तुमची मर्यादा आधी कागदावर लिहा आणि बोली तिथेच थांबवा. पैसे बँकेतूनच पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि पॅन लागतो. पार्सल सपाट मागवा. नळीत गुंडाळून आलेल्या जाड कागदावरच्या शाईला भेगा पडतात.

१९. आमच्या वडिलांनी सोलापुरातल्या सिनेमा थिएटरांचे बॅनर आणि दुकानांचे बोर्ड रंगवले. त्यांची कच्ची चित्रं घरात आहेत. याला काही किंमत आहे का?

कॉमिक्सच्या बाजारात ती बसणार नाहीत, म्हणून प्रश्न ७ चा हिशेब त्यांना लावू नका. पण बॅनर पाऊस-उन्हात गेले, जुनी थिएटरं गेली आणि त्या कामाचा हाताने काढलेला पुरावा आता या कच्च्या चित्रांपुरताच उरलाय. विकायची घाई करू नका. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने सिनेमाचं नाव, थिएटर आणि आठवत असेल ते वर्ष लिहा, दिवसाउजेडी फोटो काढा आणि प्रश्न १३ प्रमाणे ठेवा. वडील हयात असतील तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा आणि एकेका चित्राचं नाव विचारून घ्या.